नवव्या दिवशीच्या 'नॉर्मल' रिपोर्टची किंमत किती?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला भंवरकुआंजवळ खोली घेऊन शिकणारा २२ वर्षांचा मुलगा. मैत्रीण २१ वर्षांची. दोघांचंही आधी एकेक नातं होऊन गेलेलं, ते संपूनही वर्ष उलटलं. २६ दिवसांपूर्वी दोघांचा पहिल्यांदा कंडोमशिवाय संबंध आला. घाबरून मुलाने नवव्या दिवशी एका खाजगी लॅबचं 'फुल एसटीडी पॅनल' करून घेतलं. एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी), एचबीएसएजी (हेपटायटिस बी या काविळीची चाचणी) निगेटिव्ह. क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाची आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी) निगेटिव्ह. युरिन कल्चर 'नो ग्रोथ'. एचएसव्ही-१ आयजीजी मात्र पॉझिटिव्ह, आणि त्याने झोप उडाली आहे. मुलाला त्रास काही नाही, मैत्रिणीच्या अंगावरून आठवडाभर पांढरं जातंय. फॅमिली डॉक्टर रामबागेतले, आईच्या ओळखीचे, त्यामुळे तिथे जाता येत नाही. आता काय करायचं आणि कुठे?

आधी त्या पॉझिटिव्ह ओळीचं बघू, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल. एचएसव्ही-१ म्हणजे ओठांवर ताप-फोड आणणारा नागिणीच्या कुळातला हर्पीस विषाणू. तो बहुतेकांना लहानपणी, घरातल्या मोठ्यांच्या पाप्यांमधून किंवा उष्ट्यातून मिळतो. जगात ५० वर्षांखालच्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या अंगात तो आहे. शिवाय आयजीजी ही प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, नऊ दिवसांत ती सहसा दिसत नाहीत. म्हणजे हा निष्कर्ष या संबंधाचा नाहीच, बहुधा शाळेत जाण्याआधीपासूनचा आहे. त्यासाठी गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि चाचणी पुन्हा करायची नाही. खरं तर ही चाचणी तुमच्या पॅनलमध्ये असायलाच नको होती. जननेंद्रियावर फोड किंवा जखम नसताना हर्पीसची रक्तचाचणी करू नये, कारण तिच्यातून फक्त घबराट निघते. आयजीएम, म्हणजे सुरुवातीच्या प्रतिपिंडांची चाचणी, तर त्याहून बेभरवशाची. एचएसव्ही-२ (मुख्यतः जननेंद्रियाच्या हर्पीसचा विषाणू) ची आयजीजी थोडीशीच पॉझिटिव्ह आली, म्हणजे इंडेक्स १.१ ते ३ च्या दरम्यान, तर तीही बऱ्याचदा खोटी निघते. फोड आलाच तर तो ताजा असताना, फुटल्यावर दोन दिवसांच्या आत, त्याच्या बुडाचा स्वॅब घेऊन पीसीआर करायची. खपली धरल्यावर त्या स्वॅबला फारसं काही मिळत नाही.

आता निगेटिव्ह ओळी. लैंगिक आजारांच्या चाचणीत तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं: कोणती चाचणी, शरीराच्या कोणत्या जागेचा नमुना, आणि संबंधानंतरचा कितवा दिवस. यातलं एक जरी चुकलं तर रिपोर्ट छापील येतो, सही-शिक्क्याचा येतो, आणि तरी काहीच सांगत नाही. तुमच्या पॅनलमध्ये या तिन्ही चुका एकाच पानावर आहेत.

एचआयव्ही, व्हीडीआरएल आणि एचबीएसएजी या चाचण्या योग्यच होत्या, दिवस चुकला. नवव्या दिवशी या तिन्हींना नवा संसर्ग जवळजवळ दिसत नाही. पण म्हणून तो कागद फेकू नका. तुमचं आधीचं नातं वर्षापूर्वी संपलंय, त्या नात्याबद्दल हे तिन्ही निष्कर्ष पक्के आहेत. रक्ताचा रिपोर्ट नेहमी मागच्या काळाबद्दल बोलतो. तुम्हाला तो कालचा वाटला, प्रत्यक्षात तो गेल्या वर्षाचा आहे.

क्लॅमिडिया आयजीजीमध्ये चाचणीच चुकली. क्लॅमिडियाचा चालू संसर्ग रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ओळखता येत नाही, कारण हा जंतू लघवीच्या मार्गाच्या किंवा गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींमध्ये बसतो. पॅनलच्या यादीत नाव छान दिसतं म्हणून ही ओळ असते, दुसरं कारण नाही.

युरिन कल्चरमध्ये चाचणी आणि नमुना दोन्ही चुकले. क्लॅमिडिया प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या माध्यमावर वाढतच नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. गोनोरिया म्हणजे परमा. त्याला वेगळं माध्यम आणि कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि साध्या लघवीच्या कल्चरमध्ये तो सहसा उगवत नाही. त्यात लॅबवाल्याने 'पहिली धार सोडून मधली द्या' असं सांगितलेलं असणार. मूत्राशयाच्या संसर्गासाठी ते बरोबर आहे. लैंगिक आजारासाठी नेमकं उलटं करायचं असतं, कारण जंतू मूत्रमार्गाच्या भिंतीला चिकटलेले असतात आणि पहिली धारच त्यांना धुऊन आणते. ती धार तुम्ही कमोडमध्ये सोडून दिलीत.

म्हणून तुम्ही आत्ता, या आठवड्यात द्यायची खरी चाचणी एकच: लघवीच्या पहिल्या धारेवर क्लॅमिडिया आणि गोनोरियाची नॅट, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी. लॅबमध्ये 'पीसीआर' म्हटलं तरी समजतं. संबंधानंतर दोन आठवडे झाले की ती भरवशाची होते. तुमचे २६ दिवस झालेत. आधी निदान एक तास लघवी केलेली नको, दोन तास झाले असतील तर उत्तम. त्या जागेची साबणाने धुवाधुवी करून येऊ नका. डबीत फक्त पहिली २० ते ३० मिली घ्या. डबी काठोकाठ भरली की जंतू पातळ होतात आणि निष्कर्ष खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. यानंतरची पायरी लॅबची असते, पण डोळा ठेवण्याजोगी: इंदूरच्या बऱ्याच लॅब हा नमुना बाहेरच्या शहरात पाठवतात, त्यासाठी लघवी डबीतून वाहतुकीच्या खास नळीत भरावी लागते. नळीवर दोन रेषा असतात, पातळी त्यांच्या मध्येच हवी, आणि हे साधारण २४ तासांच्या आत व्हायला हवं. संध्याकाळी दिलेली उघडी डबी तशीच फ्रीजमध्ये ठेवून 'उद्या पाठवतो' म्हणाले, तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगा. रिपोर्ट यायला दोन-चार दिवस लागतात.

संबंध तोंडाने किंवा गुदमार्गानेही आला असेल तर लघवी त्याबद्दल काहीच सांगत नाही. घशातला गोनोरिया जवळजवळ नेहमीच मुका, म्हणजे काही त्रास न देणारा, असतो आणि गुदमार्गातला क्लॅमिडियाही बहुतेकदा. दोन मुलांमधल्या संबंधात हीच चूक सर्वांत महाग पडते: लघवी निगेटिव्ह, माणूस निर्धास्त, आणि संसर्ग दुसऱ्याच ठिकाणी. त्या जागेचा वेगळा स्वॅब मागावा लागतो. गुदमार्गाचा स्वॅब स्वतःही घेता येतो. काडी तीन-चार सेंटिमीटर आत, दहा सेकंद हळूहळू फिरवायची, भिंतीला लागू द्यायची. मळाने माखली तर टाकून दुसरी घ्यायची. हे डॉक्टरांना सांगायला जीभ अडखळते, मान्य आहे. मग 'घशाचा आणि मागचा स्वॅबही घ्यायचा आहे' एवढं एक वाक्य पुरतं. कारण सांगायची सक्ती नाही. समलैंगिक संबंध हा सज्ञान, राजीखुशीच्या माणसांसाठी गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते स्पष्ट केलं आहे.

नॅट मागताना एक सापळा असतो. काउंटरवर 'सात जंतूंचं', 'बारा जंतूंचं' मल्टिप्लेक्स पुढे केलं जातं. त्यात युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा होमिनिस, गार्डनेरेला अशी नावं असतात. हे जीव निरोगी तरुण माणसांतही सापडतात, आणि त्रास नसेल तर त्यांच्यावर उपचार करायचे नसतात. पण कागदावर ठळक अक्षरांत 'डिटेक्टेड' दिसलं की मुलगा तीन डॉक्टर फिरतो, तीन अँटिबायोटिक खातो आणि शेवटी पोट बिघडवून घेतो. तुम्हाला दोनच नावं हवीत, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस आणि नायसेरिया गोनोऱ्हिया. मैत्रिणीसाठी तिसरं, ट्रायकोमोनास हा परजीवी. एवढ्याच दोन-तीन जंतूंची चाचणी कुठे मिळते ते दोन लॅबना फोन करून विचारलं तर पैसेही वाचतात.

आता रक्ताचं वेळापत्रक. एचआयव्हीची खाजगी लॅबमधली 'चौथ्या पिढीची' चाचणी, म्हणजे विषाणूचं पी-२४ प्रथिन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी, शिरेतल्या रक्तावर केली तर ४५ दिवसांनंतर निर्णायक मानतात. आज २६ व्या दिवशी केली तर बरेचसे संसर्ग पकडले जातील, सगळे नाही. बोट टोचून होणाऱ्या झटपट चाचण्या बहुतेक फक्त प्रतिपिंड शोधतात, त्यांना ९० दिवस द्यावेत. आपल्या सरकारी केंद्रातही तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात ते म्हणूनच. माझा सल्ला असा की रोज गुगल करून झोप घालवण्यापेक्षा ४५ व्या दिवशी एक आणि ९० व्या दिवशी एक, अशा दोन चाचण्या ठरवा आणि मधले दिवस मोकळे सोडा. दर आठवड्याला चाचणी केल्याने ४५ वा दिवस लवकर येत नाही.

सिफिलिस म्हणजे गरमी किंवा उपदंश. याचं गणित थोडं वेगळं आहे आणि तरुणांमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पहिली खूण म्हणजे न दुखणारी, कडक काठाची जखम. ती संसर्गानंतर सरासरी तीन आठवड्यांनी येते, पण दहाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत कधीही येऊ शकते. दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते, म्हणून माणूस 'बरा' होतो. आजार आतच असतो. काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, न खाजणारे तांबूस डाग येतात आणि ते ॲलर्जी म्हणून खपवले जातात. रक्तात व्हीडीआरएल किंवा तशीच आरपीआर चाचणी संसर्गानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी पॉझिटिव्ह व्हायला लागते. म्हणून सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, एचआयव्हीबरोबरच, त्याच सुईत.

व्हीडीआरएल 'रिॲक्टिव्ह' आलं म्हणजे सिफिलिस झालाच असं नाही. मलेरिया, गरोदरपण, ल्युपससारखे आजार, कधी कधी नुकताच येऊन गेलेला विषाणूचा ताप, यांतही ती थोडी रिॲक्टिव्ह येते. म्हणून टीपीएचए ही दुसरी चाचणी लागते. टीपीएचए निगेटिव्ह आणि व्हीडीआरएल १:२ (म्हणजे नमुना दुप्पट पातळ करेपर्यंतच रिॲक्टिव्ह) असेल तर बहुधा खोटा इशारा. संबंध ताजा असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. दोन्ही पॉझिटिव्ह असतील आणि पूर्वी उपचार झालेला नसेल, तर सिफिलिस. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की उपचारानंतरही बहुतेकांत आयुष्यभर तशीच राहते, म्हणून उपचार लागू पडला का हे तिच्यावरून बघायचं नसतं. ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून बघायचं: १:३२ चं १:८ झालं, म्हणजे दोन पायऱ्या उतरलं, तर औषध लागू पडलं. दरवेळी तीच चाचणी, जमल्यास त्याच लॅबमधून, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. आणि जखम डोळ्यासमोर आहे तरी व्हीडीआरएल निगेटिव्ह, असंही होतं. कधी फार लवकर केलेली असते, तर कधी रक्तात प्रतिपिंड इतकी जास्त असतात की नमुना पातळ न करता चाचणी फसते. जखम आहे असं लॅबला आणि डॉक्टरला सांगितलं तर ते नमुना पातळ करून बघतात.

उपचार अजूनही जुनाच आहे, बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट. सुरुवातीच्या टप्प्यात एकदाच, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. बऱ्याच खाजगी दवाखान्यांत रिॲक्शनच्या भीतीने हे इंजेक्शन देत नाहीत आणि त्याऐवजी भलतंच काहीतरी लिहून देतात. सरकारी रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात ते आधी चाचणी करून आणि तयारी ठेवून दिलं जातं. इंजेक्शननंतर पहिल्या दिवशी ताप, थंडी, अंगदुखी झाली तर ती ॲलर्जी नव्हे, मेलेल्या जंतूंची प्रतिक्रिया असते. पॅरासिटामॉल पुरते. श्वास लागणं, अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं हे मात्र वेगळं. त्यासाठी लगेच रुग्णालय.

हेपटायटिस बी चा विषय चाचणीपेक्षा लसीने लवकर सुटतो. तुमच्या वयाच्या अनेकांना बाळपणी ही लस मिळालेली नसते, कारण देशभरच्या लसीकरणात ती नंतर आली. आईकडे लसीकरणाचं कार्ड असेल तर बघा. नसेल तर लस घ्या: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. नवव्या दिवशी निगेटिव्ह आलेली एचबीएसएजी तीन महिन्यांच्या रक्ताबरोबर पुन्हा करा. हेपटायटिस सी तेव्हाच, जेव्हा सुईने नशा, असुरक्षित टॅटू, किंवा दोन पुरुषांमधला रक्त येण्याइतपत संबंध असेल.

एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग आणू शकणारा विषाणू. त्याची चाचणी मुलांसाठी नसतेच, आणि विशी-बाविशीच्या मुलींतही करत नाहीत. या वयात तो विषाणू येतो आणि बहुतेकदा शरीर त्याला घालवतं. लस मात्र उपयोगी आहे. १५ वर्षांनंतर सुरू केली तर तीन डोस.

आता मैत्रिणीबद्दल. पांढरं जाणं म्हणजे लगेच लैंगिक आजार नाही. नेहमीची कारणं दोन: दह्यासारखं घट्ट आणि खाज, तर बुरशी, पातळ, करडं आणि संबंधानंतर माशासारखा वास, तर जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन. फेसाळ, पिवळट-हिरवं असेल तर ट्रायकोमोनासची शंका. डॉक्टरकडे पीएच कागद, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक असला तर यातलं बरंचसं दहा मिनिटांत कळतं. बुरशीत पीएच सहसा ४.५ च्या आत राहतो, बाकी दोन्हींत वर जातो. काचपट्टी लगेच बघायला हवी, कारण ट्रायकोमोनासची हालचाल थांबली की तो साध्या पेशीसारखा दिसतो. नमुना दुसऱ्या मजल्यावर पाठवून अर्ध्या तासाने बघितला तर 'काही नाही' असंच येतं.

क्लॅमिडिया बहुतेक मुलींत काहीच त्रास देत नाही, म्हणून तिचीही नॅट हवी, पांढरं जाणं थांबलं तरी. मुलींसाठी लघवीपेक्षा योनिमार्गाचा स्वॅब चांगला, आणि तो ती स्वतः बाथरूममध्ये घेऊ शकते. काडी साधारण पाच सेंटिमीटर आत, भिंतीला लावून दहा ते तीस सेकंद फिरवायची, थेट नळीत टाकायची आणि खुणेवर तोडायची. डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच तो भरवशाचा असतो. ही माहिती महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न 'लग्न झालंय का?' असतो, आणि 'नाही' म्हटलं की एकतर तपासणीच टळते किंवा भाषण सुरू होतं. 'माझा संबंध आलेला आहे, मला तपासणी हवी आहे' हे स्पष्ट सांगणं हा त्यावर उपाय. तरीही भाषणच ऐकवलं तर डॉक्टर बदला. पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची पट्टी. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, संबंधाच्या वेळी आत दुखतं किंवा मधेच रक्त जातं, यातलं काही असेल तर नॅटच्या रिपोर्टची वाट बघायची नाही, त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ. गर्भनलिकेपर्यंत गेलेला संसर्ग उशिरा सापडला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

कुठे जायचं. एचआयव्हीसाठी एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय, किंवा कोणतंही सरकारी आयसीटीसी, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. तिथे कुणाच्या चिठ्ठीशिवाय, स्वतःहून जाता येतं आणि चाचणी मोफत आहे. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त. पहिली झटपट चाचणी निगेटिव्ह असेल तर बहुतेकदा त्याच दिवशी निकाल. पहिली रिॲक्टिव्ह आली तर त्याच रक्तावर वेगळ्या किटने आणखी दोन होतात आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी. आपल्या भागातलं केंद्र माहीत नसेल तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची मोफत हेल्पलाइन आहे.

पांढरं जाणं, जखम, लघवीच्या जागेतून स्राव अशा त्रासासाठी सरकारी रुग्णालयातलं 'सुरक्षा क्लिनिक' किंवा त्वचा व गुप्तरोग विभाग. तिथे लक्षणं बघून रंगीत किटमधली औषधं मोफत देतात: स्रावासाठी करडं, योनीच्या त्रासासाठी हिरवं, जखमेसाठी पांढरं. ही पद्धत त्रास असलेल्यांसाठी उत्तम आहे. पण तुम्हाला लक्षणच नाही, आणि मुका क्लॅमिडिया या पद्धतीत सुटतो. म्हणून तुमची नॅट खाजगीत आणि रक्त सरकारीत, अशी विभागणी मला सगळ्यात व्यवहारी वाटते. सरवटे बस स्टँडच्या आसपास आणि रेल्वेच्या भिंतींवर 'गुप्तरोग गॅरंटी से' लिहिणाऱ्यांकडे मात्र कोणत्याही कारणाने जाऊ नका. तिथे चाचणी होत नाही, भीती विकली जाते.

घरी कळेल का? एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. हे खाजगी लॅबलाही लागू आहे, आणि नोकरी देण्यासाठी ही चाचणी मागता येत नाही. कायदा झाला, घरात बातमी फुटते ती मात्र मोबाइल नंबरमुळे. बाबांच्या शुगरच्या वेळी लॅबमध्ये जो नंबर दिला होता, त्याच खात्यात तुमचं नाव घातलं की रिपोर्ट त्यांच्याच व्हॉट्सॲपवर जातो. काउंटरवर विचारा: 'रिपोर्ट कोणत्या नंबरवर जाईल?' स्वतःच्या नंबरचं नवीन खातं उघडा, घरून नमुना नेणाऱ्या मुलाला बोलावू नका, आणि लोकमान्य नगरात राहत असाल तर लॅब विजयनगरची निवडा. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) जोडणं ऐच्छिक आहे.

फुकटात एचआयव्ही तपासून मिळते म्हणून रक्तदान करणं ही आणखी एक युक्ती मुलं करतात. ती करू नका. पिशवीतल्या रक्ताची चाचणी होते, पण सुरुवातीच्या दिवसांतला संसर्ग तिच्यातूनही निसटू शकतो, आणि मग ते रक्त कुणाला तरी चढतं.

चाचणीआधी मेडिकलवरून ॲझिथ्रोमायसिन आणून खाऊ नका. अर्धवट औषधाने नमुना निगेटिव्ह येऊ शकतो आणि संसर्ग तसाच राहू शकतो. गोनोरियाने तर एकेक औषध पचवत आणलं आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन आता त्याच्यावर बहुतेकदा चालत नाही. जखमेवर स्टेरॉइड मिसळलेली तीन-चार औषधांची ट्यूब चोळू नका, जखमेचं रूप बदलतं आणि निदान अवघड होतं. आधीच काही घेतलं असेल तर नाव आणि तारीख सांगा, लपवू नका.

क्लॅमिडिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. भरल्या पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं न होता, नाहीतर अन्ननलिका पोळते. मैत्रीण गरोदर असेल तर हे औषध चालत नाही, म्हणून ती पट्टी आधी. गोनोरियाला सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन, डोस डॉक्टर ठरवतील. दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे आणि औषध संपल्यावर किंवा एकच डोस असेल तर त्यानंतर सात दिवस संबंध टाळायचे. एकाने घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर तेच इन्फेक्शन फिरून येतं. पुन्हा नॅट लगेच करू नका, मेलेल्या जंतूंचा अंश तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतो. तीन महिन्यांनी मात्र करा, कारण तरुणांमध्ये पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण बरंच असतं. मागच्या ६० दिवसांतल्या सगळ्या जोडीदारांना कळवणंही उपचाराचाच भाग आहे.

दोन वेगळ्या परिस्थिती, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांची गोष्ट तुमच्यासारखी नसेल. कंडोम फाटला, जोडीदार एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं कळलं किंवा जबरदस्ती झाली, आणि अजून ७२ तास झालेले नाहीत, तर चाचणीचा विचार नंतर. सरळ एमवायच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) केंद्रात जाऊन पीईपीबद्दल, म्हणजे संसर्ग रोखण्याच्या तातडीच्या औषधाबद्दल, विचारायचं. २८ दिवसांच्या गोळ्या असतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितक्या उपयोगी, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

दुसरी, वय १८ च्या आत असेल तर. एचआयव्ही चाचणीला पालकांची संमती लागते, आणि १८ च्या आतला लैंगिक संबंध डॉक्टरला समजला की पॉक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा) कायदा, २०१२ प्रमाणे त्याला पोलिसांना कळवावंच लागतं, राजीखुशीचा असला तरी. हे आधी माहीत असलेलं बरं. पण या भीतीने जखम किंवा ओटीपोटाचं दुखणं अंगावर काढू नये. जबरदस्ती झाली असेल तर कोणत्याही रुग्णालयाला, खाजगीसुद्धा, उपचार नाकारता येत नाहीत. घरातलं कुणी विश्वासाचं मोठं माणूस, मावशी किंवा मोठी ताई, बरोबर घेऊन जा. कुणीच नसेल तर १०९८ वर मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणि समजा ४५ व्या दिवशी खाजगी लॅबने एचआयव्ही 'रिॲक्टिव्ह' लिहिलं, तर तीन लॅबमध्ये धावू नका, आणखी तीन गोंधळाचे कागद मिळतील. तो कागद घेऊन आयसीटीसीत जा, तिथल्या तीन किटच्या निकालावर काय ते ठरेल. नक्की झालं तर औषध मोफत आहे, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) चा आकडा कितीही असला तरी लगेच सुरू करतात, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला की संबंधातून तो जोडीदाराला जात नाही.